अकरा वर्षांचा रकाना

प्रश्न मी विचारायचे, असं ठरलं.
स्वयंपाकघरातल्या टेबलाच्या एका बाजूला मी,
आजोबांचा चष्मा नाकावर घसरतोय,
आणि समोर आई, मझिया,
वय एकेचाळीस,
चिआतुराच्या रोपवेवर चालक व्हायला निघालेली.

"बसा," मी म्हणाले.
ती बसलेलीच होती. उठली, आणि पुन्हा बसली.

तळमजल्यावरच्या बिद्झिनाकाकांनी
छत्तीस वर्षं ते डबे वर-खाली केले.
त्यांनी वहीत चित्र काढून दिलं होतं:
ओढणारा दोर, पेलणारा दोर,
पहिला ब्रेक, तो धरला नाही तर दुसरा,
आणि नदीवरून वारा कसा सुटला की
कुणालाही न विचारता थांबवायचं.
पावाच्या डब्यावर ते पान चिकटवून
आई घोकायची.
आठवड्यात दोनदा घेवडा करपला.

यंत्राच्या प्रश्नांना ती अडत नव्हती.
अडायची अर्जातल्या एका रकान्यापाशी.
मी तिथे बोट ठेवायचे:
"दोन हजार बारा ते तेवीस. या काळात आपण काय करत होता?"

सोमवारी म्हणाली, "काही नाही."
मंगळवारी, "घरी होते."
बुधवारी चिडून, "तुला माहीत नाही का गं?"

माहीत होतं.
आजीची कूस बदलायला दर तीन तासांनी
गजर न लावता उठणं.
दुसऱ्यांच्या झाडांचे आक्रोड सोलून
किलोवर विकणं.
बाबांचे पोलंडहून येणारे पैसे,
मग त्यांचे नुसते फोन,
मग तेही नाही.
पण चष्मा घातला की मला काही माहीत नसायचं.
मी पेन खाली ठेवलं, आणि थांबले.

तीही थांबली.
नळ ठिबकत होता, तो तिने उठून घट्ट केला.
मी पुढचा प्रश्न घेतला:
"हीच नोकरी का?"

याचं उत्तर पाठ होतं. जबाबदारी, शिस्त, जनसेवा.
ते बाजूला ठेवून,
नळाकडे बघतच ती म्हणाली:
"तू पोटात होतीस. वीज गेली.
आम्ही सातजण मधोमध लटकलो, खाली क्विरिला.
एक म्हातारी रडायला लागली, तिचं बघून एक सैनिकही.
तेवढ्यात भोंग्यातून बिद्झिनाचा आवाज आला.
कधी सुटका होईल, त्याला तरी कुठे ठाऊक होतं?
आपल्या मावशीच्या गाईबद्दल बोलत राहिला.
गाय कशी पळाली, चर्चमध्ये कशी शिरली,
पाऊण तास, नुसती गाय.
खाली कुणीतरी जागं आहे,
एवढं कळलं ना, की वरच्याला पुरतं.
ते मला जमतं, तेक्ले.
जागं राहणं जमतं."

मी म्हणाले, "हेच सांग. त्या रकान्यातही हेच."
"वेडी आहेस. असलं काही मुलाखतीत सांगतात?"
काकांना विचारलं, तर ते म्हणाले,
"ते कमाल वजन विचारतील. ते चुकू नकोस.
आणि त्या गाईचं नाव काय होतं, आठवत नाहीये मला."

आदल्या रात्री तिने लिंबाने नखं घासली.
आक्रोडाचा काळा रंग
थोडा गेला, बाकीचा राहिला.
मावशीचे बूट मोठे होत होते,
पुढे वर्तमानपत्र कोंबलं.
मी चष्मा लपवून ठेवला,
सकाळी आणखी एक तालीम नको म्हणून.

कचेरी वरच्या स्थानकात.
म्हणजे तिला त्याच डब्यातून जावं लागणार होतं.
मी गच्चीत उभी राहिले.
निळा डबा आमच्या चौथ्या मजल्यासमोर आला
तेव्हा आई काचेपाशी दिसली.
तिने हात केला नाही. दोन्ही हातांत फाईल होती.
ओठ हलत होते.

गाय होती, की वजन,
इतक्या लांबून ओळखू आलं नाही.